वजनदार स्वारासाठी ऑफ-रोड सस्पेन्शन: आधी टेप, मग पाना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, तीन वर्षं वापरलेली. स्वाराचं वजन १०४ किलो. शनिवार-रविवार सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा, दगड, मुरूम, पावसाळ्यात चिखल. मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची सोय) सगळ्यात कडक टोकाला नेला, तरी मोठा दगड आला की मागून 'धाड' असा आवाज येतो. बारीक खडीवर मात्र गाडी पाठीत हाणते. चढाच्या वळणावर पुढचं चाक बाहेर पळतं. एका मेकॅनिकने पुढच्या शॉकपमध्ये जाड ऑइल टाकायला सांगितलंय, दुसऱ्याने महागडा मोनोशॉक (मागचा एकच शॉक) घ्या म्हटलंय. कोणाचं ऐकायचं?

आत्ता दोघांचंही नको. मी सतरा वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय आणि शंभर किलोच्या वरचे स्वार माझ्याकडे दर आठवड्याला येतात. जवळजवळ प्रत्येकजण 'गाडी कडक कशी करू' असंच विचारतो. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी एकत्र वाचा: गाडी तळाला आदळतेही आणि खडीवर टोचतेही. नुसती मऊ असती तर खडीवर गादीसारखी चालली असती. म्हणजे मुद्दा कडक-मऊ एवढाच नाही. तुम्ही बसल्यावर मागचं चाक ट्रॅव्हलच्या, म्हणजे वर-खाली जाण्याच्या एकूण अंतराच्या, कुठल्या भागात काम करतंय, हा खरा प्रश्न आहे. तुमचं चाक बहुधा आधीच वरच्या बाजूला, बंप रबराच्या (शॉक तळाला आदळताना अडवणाऱ्या रबराच्या) जवळ जाऊन बसलेलं असतं. तिथे लिंकेजही (मागचं चाक आणि शॉक यांना जोडणारे सांधे) शॉकला जास्त दाबत असतं, त्यामुळे लहान दगडही ठोसा मारतो आणि मोठ्या दगडासाठी जागाच उरत नाही.

प्रीलोडबद्दलचा गैरसमज आधी काढतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. समजा, एक स्प्रिंग दर सेंटिमीटरला ५ किलो घेते. तिच्यावर ३० किलो ठेवले तर ती ६ सेंमी दबेल. आता तीच स्प्रिंग कॉलर फिरवून आधीच २ सेंमी दाबून ठेवली, म्हणजे तिच्यात १० किलोचा ताण भरून ठेवला. ३० किलो ठेवल्यावर ती आता ४ सेंमीच खाली जाईल. गाडी वर उचलली गेली, हे खरं. पण त्यापुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला ती ५ किलोच घेणार, पूर्वीइतकीच. प्रीलोड गाडीची उंची बदलतो. सामान लादलं किंवा मागे कोणी बसलं तर उंची परत आणायला तो दिलेला असतो. कायमचं जास्त असलेलं ३०-३५ किलो वजन पेलायला तो पुरत नाही.

म्हणून पहिलं काम, एक मित्र आणि एक स्टीलची टेप घेऊन अर्धा तास काढा. तुमच्या गाडीला मेन स्टँड आहे, त्यामुळे हे सोपं आहे. मागच्या एक्सलच्या बरोबर वर, शेपटीच्या भागावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पेनाने खूण करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत मोकळं लटकलं पाहिजे. एक्सलच्या मध्यापासून खुणेपर्यंत मोजा. हा पहिला आकडा. मग गाडी खाली घ्या, कोणी बसू नका, सीट दोनदा दाबून सोडा आणि मोजा. हा दुसरा. मग तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बूट, गुडघ्याचे गार्ड, पाण्याची पिशवी असं सगळं घालून बसा, मित्राने गाडी धरावी, आणि तिसऱ्यांदा मोजा. हा सगळा सरंजाम सहज ८-९ किलोचा होतो, म्हणून तुमचं वजन मी ११३ धरतो. सॅग म्हणजे वजनाखाली गाडी किती खाली बसते ते. पहिल्यातून दुसरा वजा केला की मोकळा सॅग मिळतो, पहिल्यातून तिसरा वजा केला की स्वाराचा सॅग.

एक काळजी घ्या. सील आणि बेअरिंग थोडं अडवून धरतात, म्हणून गाडी दाबून सोडली तर एक आकडा येतो आणि उचलून हळूच सोडली तर दुसरा. दोन्ही घेऊन मधला धरा. पुढे हा फरक जास्त असतो, १० मिमीसुद्धा निघतो. फरक त्याहून मोठा निघाला तर शॉकपचे पाइप वाकलेत का, एक्सल ताणात बसलाय का, ते आधी बघायला हवं.

आता आकड्यांचा अर्थ. हिमालयन ४११ला पुढे २०० मिमी आणि मागे १८० मिमी ट्रॅव्हल आहे. कच्च्या रस्त्यासाठी स्वाराचा सॅग मागे ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास चालतो, म्हणजे ५५ ते ६०. मोकळा सॅग १५-२०. पुढे स्वार बसून ५० ते ५५, आणि मोकळा २५-३०. शर्यतीच्या एन्ड्युरो (लांब पल्ल्याच्या ऑफ-रोड) गाड्यांना ३०० मिमीच्या आसपास ट्रॅव्हल असतं आणि तिथे मागे १०० ते ११० मिमी धरतात, प्रमाण तेच.

खरं निदान मात्र दोन आकड्यांच्या जोडीत असतं, आणि इथे भले भले चुकतात. प्रीलोड पिळून पिळून स्वाराचा सॅग बरोबर आणला, पण मोकळा सॅग शून्यावर आला, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. ऐकायला उलटं वाटतं. रिकामी गाडी जराही बसत नाही म्हणजे स्प्रिंग कडक, असं मन सांगतं. पण ती बसत नाही कारण मऊ स्प्रिंगला तुम्ही आधीच खूप दाबून ठेवलंय. अशा गाडीचं चाक खड्ड्यात खाली जायला जागाच राहत नाही. वरच्या टोकाला 'टक्' असा आवाज येतो, आणि खडीवर टायर जमिनीला चिकटण्याऐवजी उड्या मारतं.

मागच्या पावसाळ्याआधी असाच एक स्वार आला होता, सरंजामासह ११० किलो, गाडी हीच. प्रीलोड पूर्ण कडक. मोकळा सॅग ४ मिमी, स्वाराचा ६८. म्हणजे कॉलर टोकाला जाऊनही तो ठरलेल्यापेक्षा जवळजवळ सेंटिमीटरभर खाली बसत होता आणि रिकामी गाडी छाती ताणून उभी होती. तुमचे आकडे असेच काहीसे निघतील असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर पैसे घालू नका. मोजा.

मोजण्याआधी आणखी एक गोष्ट, कारण तुमची गाडी तीन पावसाळे खाल्लेली आहे. लिंकेजची आणि चिमट्याची (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मची) बेअरिंग उघडून बघा. माझ्याकडे एक गाडी 'स्प्रिंग बदलून द्या' म्हणून आली होती. लिंकेजचा बोल्ट ठोकून काढावा लागला. आतल्या सुयांसारख्या बारीक रोलरांचा गंजून लालसर भुगा झाला होता, आणि मी लिंकेज हाताने हलवायला गेलो तर ते हललंच नाही. ग्रीस कधी भरलंच गेलं नव्हतं. बेअरिंग बदलली, ग्रीस भरलं, आणि खडीवरचा तो पाठीतला ठोसा अर्ध्याने कमी झाला. स्प्रिंगला हात लावायच्या आधीच. ओढ्यातून गाडी नेत असाल तर वर्षातून एकदा हे उघडलंच पाहिजे. पुढे ऑइल सील गळतंय का आणि कॉनसेट (हँडलची बेअरिंग) सैल आहे का, तेही याच वेळी बघून घ्या.

आता स्प्रिंग किती कडक हवी? शर्यतीच्या एन्ड्युरो गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्वाराच्या वजनाच्या दर १० किलोच्या टप्प्याला वेगळी स्प्रिंग दिलेली असते आणि टप्प्याटप्प्यातला फरक साधारण ५ ते ८ टक्के असतो. कारखान्यातून येणारी गाडी ७५ किलोच्या आसपासच्या स्वारासाठी लावलेली आहे असं मी धरतो. तुम्ही ११३. वजन दीडपट, म्हणून स्प्रिंगही दीडपट, असं होत नाही. स्प्रिंग तुमच्याबरोबर गाडीही उचलत असते आणि ही गाडी १९९ किलोची आहे. मागच्या चाकावरचा एकूण बोजा मोजला तर तो वीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. उलट, दोन्ही सॅग अगदी पुस्तकाप्रमाणे आणायचे म्हटलं तर त्याहून पुष्कळ कडक स्प्रिंग लागेल. मी मधे थांबतो, मागे २५ टक्के आणि पुढे १२ ते १५ टक्के. पुढे कमी, कारण बसलेल्या स्वाराचं बहुतेक वजन मागे पडतं. तुम्ही बहुतेक वेळ फुटरेस्टवर उभं राहून चालवत असाल तर पुढचा हिस्सा वाढतो, मग मी १५ कडे झुकतो.

त्या ११० किलोच्या स्वाराला २५ टक्के कडक स्प्रिंग लावली तेव्हा मोकळा सॅग ८ आणि स्वाराचा ५९ आला. मोकळा १५ हवा होता, मिळाला ८. पण १५ धरला असता तर स्वाराचा ६६ झाला असता, आणि आणखी कडक स्प्रिंग घातली असती तर तिची उसळी शॉकमधल्या मूळ डँपरला (हालचालीचा वेग आवरणाऱ्या भागाला) आवरली नसती. ज्याला भरधाव उड्या मारायच्या आहेत त्याचं गणित वेगळं. डोंगरवाटांवर दिवसभर चालवणाऱ्याला हीच तडजोड मी देईन.

बाजारात तयार स्प्रिंग मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर स्प्रिंग बनवणारे कारागीर औद्योगिक वसाहतींमध्ये सापडतात आणि नमुना दिला की वळून देतात. पण त्यांना 'थोडी जाड तार घ्या' एवढंच सांगून येऊ नका. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी मापं तीच ठेवून १० मिमीच्या जागी १०.५ मिमी तार घेतली की स्प्रिंग जवळजवळ २२ टक्के कडक होते, आणि ११ मिमी घेतली की ४६ टक्के. माझ्याकडे एकजण असाच एक मिलिमीटर जाड स्प्रिंग वळवून आला होता. पहिल्याच गतिरोधकावर गाडी त्याला सीटवरून उचलून टाकत होती. स्प्रिंग उत्तम वळलेली होती, माप चुकलं होतं. तारेची जाडी, वेटोळ्याचा मधला व्यास आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या, ही तिन्ही मापं कागदावर लिहून द्या. तयार झाल्यावर ती प्रेसखाली दाबून किती किलोला किती मिमी दबते, ते तुमच्यासमोर मोजून घ्या.

पुढच्या स्प्रिंगांसाठी वेटोळी कापायची जुनी युक्ती तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. वेटोळी कमी केली की स्प्रिंग कडक होते, हे बरोबर आहे. ६० वेटोळ्यांतली ८ कापली तर सुमारे १५ टक्के कडक. पण हिशोब पुढे नेऊ या. समजा, स्प्रिंग ५०० मिमी लांब आहे आणि तार ४.५ मिमीची. पूर्ण दाबल्यावर वेटोळी एकमेकांना टेकतात तेव्हा तिची लांबी २७० उरते, म्हणजे दबायला २३० मिमी आहेत. कापल्यावर लांबी ४३३, टेकलेली लांबी २३४, दबायला उरले १९९. तुमचं ट्रॅव्हलच २०० आहे, त्यात प्रीलोड वेगळा. म्हणजे मोठ्या धक्क्याला वेटोळी टेकणार आणि शॉकप लोखंडाच्या नळीसारखा कडक होणार, तोही नेमका उतारावर ब्रेक दाबलेला असताना. कमी ट्रॅव्हलच्या रस्त्यावरच्या गाडीला ही युक्ती कधी चालून जाते. तुमच्या गाडीला मी ती करणार नाही.

आता जाड ऑइल. ऑइल वजन उचलत नाही, ते फक्त हालचालीचा वेग आवरतं. तुमच्या शॉकपमध्ये ऑइल ठरावीक भोकांतून ढकललं जातं. ऑइल जाड केलं की हळू हालचालीला थोडा आधार वाटतो, पण धारदार दगडावर ते इतक्या वेगाने भोकांतून जाऊ शकत नाही आणि तो धक्का सरळ मनगटात येतो. तुमचा खडीचा त्रास त्याने वाढेल. नवीन स्प्रिंगा बसवल्यावर मात्र ऑइल किंचित जाड लागतं, कारण कडक स्प्रिंग जास्त जोराने परत उसळते. तिथे बाटलीवरच्या '१० डब्ल्यू' किंवा '१५ डब्ल्यू'वर विसंबू नका, दोन कंपन्यांची १० डब्ल्यू ऑइलं सारखी पातळ नसतात. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप), तो आकडा बघून घ्या.

ऑइलची पातळी हे त्याहून उपयोगी हत्यार आहे आणि स्वस्तही. शॉकपच्या वरच्या भागात हवा कोंडलेली असते. शॉकप दबला की ती हवा दबते, आणि तिची जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो. ऑइलची पातळी वाढवली की हवेची जागा कमी होते, त्यामुळे सुरुवातीचा भाग जवळजवळ तसाच राहतो आणि शेवटचा भाग घट्ट होतो. तळाला आदळणाऱ्या पुढच्या शॉकपसाठी नेमकं हेच हवं असतं. स्प्रिंग काढून, शॉकप पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजा. मूळ मापापासून एका वेळी १० मिमी वर आणा, दोन्ही बाजूंना अगदी सारखं. २० मिमीच्या पुढे मी जात नाही. तिथून सील फुटायला लागतात.

पुढचं चाक वळणात बाहेर पळतं, त्याला कदाचित पुढे काहीच करावं लागणार नाही. मागचा भाग खाली बसला की पुढचा शॉकप जास्त तिरका होतो, पुढच्या टायरवरचा भार कमी होतो, आणि चढावर तर तो आणखी हलका होतो. मागची उंची बरोबर आली की हा त्रास निम्मा जातो असा माझा अनुभव आहे. म्हणून काम नेहमी मागून सुरू करा. मागे उचलून झाल्यावर सरळ रस्त्यावर वेगात हँडल थरथरायला लागलं तर मागे थोडं जास्त उचललंय, एक टप्पा कमी करा.

मोनोशॉक घ्यायचा का? हे तुम्ही किती वेगाने आणि किती वेळ चालवता त्यावर आहे. नवीन स्प्रिंग लावल्यावर गाडीच्या बाजूला उभं राहून सीट जोरात दाबा आणि सोडा. वर येऊन एकदाच स्थिरावली तर मूळ डँपर सांभाळतोय. दुसरी उसळी आली तर रिबाउंड (परत उसळण्यावरचा आवर) कमी पडतोय. दुसरी कसोटी जास्त खरी: सलग चाळीस मिनिटं दगडी वाट चालवा. सुरुवातीला शहाणी असलेली गाडी शेवटी घोड्यासारखी मागून उसळायला लागली तर आतलं ऑइल तापून पातळ झालंय. वजनदार स्वाराखाली डँपरला काम जास्त पडतं, म्हणून ते लवकर होतं. तसं होत असेल आणि मूळ शॉक उघडून वॉल्व्ह बदलता येत नसतील, तर तुमच्या वजनाची स्प्रिंग आणि रिबाउंडची चावी असलेला मोनोशॉक घेणं योग्य. पण तोही ऑर्डर करताना वजन सांगितलं नाही तर सरासरी स्वाराच्या स्प्रिंगसह येतो, आणि एवढा खर्च करून तुम्ही परत याच प्रश्नापाशी येता.

बदल तपासायला एकच तीनशे-चारशे मीटरचा तुकडा ठरवा, ज्यात खडी, एक मोठा दगड आणि एक चढ-वळण असेल. पुढच्या शॉकपच्या रबरी गेटरची खालची क्लिप सैल करून गेटर वर सरकवा आणि पाइपला एक केबल टाय बांधा, फार आवळू नका. तुकडा चालवून आलात की टाय कुठवर ढकलला गेलाय ते दिसेल. दिवसातल्या सगळ्यात वाईट धक्क्याला शेवटचा सेंटिमीटर वापरला गेला पाहिजे. टाय तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबत असेल तर ऑइलची पातळी जास्त झालीय. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मी ग्राहकांना वही देतो, कारण तिसऱ्या बदलानंतर पहिला कोणालाच आठवत नाही.

टायरच्या हवेबद्दल एक इशारा. इतरांचं ऐकून ती फार कमी करू नका. तुमच्या गाडीला ट्यूबची चाकं आहेत आणि ११३ किलोखाली कमी हवेत दगडावर ट्यूब रिमखाली चिरडली जाते. दगडांसाठी या वजनाला मी पुढे २२ आणि मागे २६ पीएसआयपासून सुरू करतो. चिखलात थोडं उतरतो, रस्त्यावर येताच परत भरतो. मागे सामान लादत असाल तर मॅन्युअलमधली कमाल भाराची मर्यादा बघा. स्प्रिंग कितीही चांगली असली तरी फ्रेम आणि तारांची चाकं तीच असतात.

आणि साखळी. मागची उंची बदलली की साखळीचा ढिलेपणा बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा साखळी सगळ्यात ताठ असते. वजनदार स्वार बसल्यावर गाडी त्या रेषेच्या जवळ जाते. गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेली साखळी तुमच्याखाली ताठ होऊन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाऊ शकते. म्हणून तुम्ही बसलेले असताना मित्राला साखळी हाताने वर-खाली करून बघायला सांगा, तिथे थोडा ढिलेपणा उरलाच पाहिजे. मागे उचलल्यावर साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि हेडलाइटचा झोत खाली येतो, तोही त्याच दिवशी लावून घ्या.

या रविवारी लिंकेज उघडून ग्रीस भरा आणि चार आकडे काढा: मागचा मोकळा आणि स्वाराचा सॅग, पुढचे तसेच दोन. प्रीलोड कुठल्या टप्प्यावर होता तेही लिहा. ते इथे टाकलेत की स्प्रिंगसाठी तारेचं माप काढायला मी मदत करतो.